खारट औषध

झोप येत नाही हे मी पहिल्यांदा सांगितलं ते वडिलांना. सासरी सांगण्यासारखं ते नव्हतंच. तिथं कुणालाच नीट झोप लागत नव्हती, पण कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, आणि उजाडलं की सगळे कामाला लागत. माझ्याच्यानं ते होत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची.

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. मराठी सहावीपर्यंत मला शिकवलं आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावात दिलं. घरी उसाची जमीन होती. गावात बहुतेक घरांतला एक तरी माणूस पलटणीत असायचा. आमचे मालक लष्करात मोटार चालवायचे. लग्नानंतर दोन वेळा रजेवर आले आणि मग त्यांना मलायात पाठवलं. सिंगापूर पडल्याची बातमी चावडीवर आली, त्यानंतर त्यांचं पत्र बंद झालं. बऱ्याच महिन्यांनी सरकारी कागद आला. घरात वाचता येणारी मी एकटीच, तेव्हा तो मीच वाचला.

"बेपत्ता म्हंजी?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना मी मामंजी म्हणत असे.

"म्हणजे कुठं आहेत ते ठाऊक नाही," मी म्हटलं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हंजी हाय. कुठं हाय ते म्हाईत न्हाई, पर हाय."

दुसऱ्या दिवशी त्या मला देवीच्या देवळात घेऊन गेल्या. माझा हात हातात धरून देवीला म्हणाल्या, "माझा ल्योक घरला येईस्तवर आमी दोगी मीठ खाणार न्हाई." मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या दोघींची आमटी आणि कोरड्यास वेगळं निघायला लागलं. भाकरीत मीठ नाही, ताकात मीठ नाही. पहिले काही दिवस घास फिरायचा, मग जिभेला सवय झाली.

सवय झाली नाही ती मनाला. टपालवाला गल्लीत आला की माझ्या छातीत धडधडायला लागायचं आणि तो पुढं निघून गेला तरी थांबायचं नाही. थापता थापता भाकरी फाटायची. अंथरुणावर पडलं की तो कागद जसाच्या तसा डोळ्यांपुढं यायचा. आमच्या मागच्या आळीत एक बाई होती, तिचा नवरा इटलीकडं लढाईत पडल्याची खबर पक्की आली होती. ती रोज खुरपं घेऊन रानात जायची. तिच्याशी बोलताना मी मान वर करत नसे. तिचं सगळं गेलं होतं आणि ती उभी होती. माझं काही गेलंय का हेच ठाऊक नव्हतं आणि मला एक भाकर धड थापता येत नव्हती.

दिवाळीला वडील मला न्यायला आले. वाटेत मी त्यांना झोप येत नाही म्हणून सांगितलं, आणि सांगलीत पोचल्यावर मला सरळ डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, राहत्या घराच्या ओटीवरच त्यांचा दवाखाना. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, "जेवणखाण कसं आहे?"

"जेवते की व्यवस्थित," वडील म्हणाले.

अळणी जेवते हे मी सांगितलं नाही. ते देवीचं आणि आमचं होतं. डॉक्टरांशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

त्यांनी पातळ औषधाची बाटली दिली आणि औषधाची चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली. बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीला कातरीनं खाचा पाडून खुणा केलेल्या. "रात्री निजायच्या आधी एक खूण, पाण्यातून घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "त्याहून जास्त नाही. झोप लागली नाही म्हणून उठून दुसरी घ्यायची नाही. आणि महिन्याच्या आत हिला पुन्हा मला दाखवा. हे औषध आपल्या मनानं चालू ठेवायचं नसतं." हे सगळं ते वडिलांकडं बघून बोलत होते. वडील मान डोलावत होते. मी बाटलीकडं बघत होते.

सासरी सोडायला आले तेव्हा बैलगाडीत वडिलांनी विचारलं, "तिकडं काय सांगायचं?"

मी बाटली लुगड्यांच्या घडीत दडवत होते.

"शक्तीचं औषध म्हणू," ते म्हणाले. माझ्यासाठी ते असं म्हणाले की स्वतःसाठी, हे मला कळलं नाही. मुलीचं डोकं ठिकाणावर नाही असं व्याह्यांच्या दारात कोण बाप सांगेल? उंबऱ्यावर पाय ठेवताच त्यांनी मामंजींना सांगून टाकलं, "अशक्तपणा आहे जरा. शक्तीचं औषध दिलंय." मी त्यांच्या मागं उभी होते. त्या वेळी बोलले असते तर वडील खोटे पडले असते.

औषधानं झोप लागली. कित्येक महिन्यांनी लागलेली झोप म्हणजे काय असते, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी उठून मी शेणगोठा केला आणि दमले नाही. भाकऱ्या गोल व्हायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "गुण आला म्हनायचा."

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मी कुणाला बोलले नाही. औषध वरून गोडसर होतं, पण गिळल्यावर जिभेवर खारट चव मागं राहायची. मिठाचा खडा नसलेल्या माझ्या तोंडाला ती चव लागायची तेव्हा सगळं तोंड पाण्यानं भरून यायचं. पुढं पुढं मी झोपेची वाट बघते आहे की त्या चवीची, हेच मला सांगता आलं नसतं. नवसाला बाध तर येत नसेल ना, असं मनात यायचं. पण औषध ते औषध, अशी मनाची समजूत घालून मी वाटी धुऊन ठेवायची.

महिना झाला. मला डॉक्टरांकडं न्यायला वडील आले नाहीत. आमच्या गावच्या हळदीच्या गाड्या पेठेत जायच्या, त्यांच्याबरोबर मी रिकामी बाटली धाडली, आणि वडिलांनी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून ती भरून परत पाठवली. गुण आहे तर पुन्हा मुलीला दवाखान्यात कशाला बसवायचं, चार लोक बघतात, असं त्यांना वाटलं असणार. पुढं तीच रीत पडली. बाटली रिकामी जायची, भरून यायची. मला तपासलं कुणीच नाही.

थंडी पडली तसा मला पुन्हा थकवा यायला लागला. आत्याबाईंनी बाटलीकडं पाहिलं. "शक्तीचं हाय न्हवं? मग सकाळच्याला बी घेत जा. रातीचं घिऊन निजल्यावर शक्ती कुठं लागायची अंगाला?"

त्या बोलल्या ते मायेनंच. न्याहारीच्या वेळी स्वतः बाटली काढून माझ्यापुढं ठेवायच्या. नाही म्हणायला मला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगणं म्हणजे मला येड्याचं औषध चालू आहे हे सांगणं. मी सकाळीही घ्यायला लागले.

त्यानंतरचं मला सगळं सलग आठवत नाही. जे आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. तोंडावर आणि पाठीवर पुटकुळ्या उठल्या. बोलताना जीभ जड व्हायची, शब्द अर्ध्यावर राहायचा. विहिरीवर घागर भरून ठेवायची आणि रिकाम्या हातानं घरी यायची. दुपारी जात्याशी बसल्या बसल्या डोळा लागायचा. चालताना भुई एका अंगाला कलल्यासारखी वाटायची, म्हणून मी भिंतीच्या कडेनं चालायची. आत्याबाई माझ्याच भांड्यातलं अळणी जेवत होत्या आणि या वयात रानात जाऊन उसाचा पाला काढत होत्या. तेव्हा जेवणाचा दोष कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. दोष माझाच. बायका म्हणायच्या, शहरातली पोरगी, हिच्यात दमच न्हाई. मलाही ते खरं वाटायचं. जितकं ते खरं वाटायचं तितकी मी औषधावर भिस्त ठेवायची.

गुऱ्हाळ लागलं होतं. एक दिवस दुपारची जेवणं घेऊन मी फडाकडच्या गुऱ्हाळावर गेले. डोक्यावर भाकऱ्यांची बुट्टी, हातात कालवणाची किटली. काहिलीत रस उकळत होता, फेस वर चढत होता, आणि गूळ करणारा गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता. मला चुलाण्याला वळसा घालून पलीकडं जायचं होतं. वळसा घातला असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी सरळ काहिलीकडंच चालत गेले. बुट्टी खाली गेली, मी तोल जाऊन पुढं झाले आणि आधाराला हात टाकला तो काहिलीच्या काठावर. तिथंच पाला काढत असलेल्या आत्याबाईंनी मागून लुगडं धरून मला ओढलं. मी उसाच्या पाचटावर पडले. मनगटाची कातडी भाजून निघाली होती, पण मला ते पुष्कळ उशिरा कळलं. मी नुसती बघत बसले होते.

"अरं, ही काय पिऊनशान आलीया काय?" कुणीतरी म्हणालं.

मी काही बोलायला गेले. तोंडातून जे आलं ते ऐकून दोघेतिघे हसले. मग हसणं थांबलं, कारण मामंजी तिथं होते.

मामंजी कधी आवाज चढवून बोलत नसत. त्यांनी हातातला ऊस खाली ठेवला आणि म्हणाले, "घरला चला. ती बाटली काढा भायेर."

आमच्याबरोबर भावकीतले दोन म्हातारे आले. अंगणात घोंगडं टाकलं होतं, त्यावर ते बसले. आत्याबाईंनी बाटली आणून मामंजींच्या हातात दिली. मी खांबाला धरून उभी होते. मामंजींनी बूच काढून वास घेतला आणि बाटली पुढं दिली. दुसऱ्यानं वास घेतला, तिसऱ्यानं घेतला. माझ्या निजायच्या खोलीतली बाटली अशी हातोहात फिरत होती.

"दारू न्हाई ही," एकजण म्हणाला. "दवाच हाय."

"शक्तीची दवा पिऊन मानूस पडतंय व्हय?" दुसरा म्हणाला.

तेव्हा आत्याबाईंनी बाटली घेतली, थोडं औषध तळहातावर ओतलं आणि जीभ लावली. त्यांनीही किती महिने मीठ चाखलं नव्हतं. त्यांची जीभ चुकणं शक्यच नव्हतं.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, "मीठ खातीयास व्हय गं? माझा ल्योक तिकडं कुठल्या मुलखात हाय म्हाईत न्हाई, आन् तू हितं दोन येळंला मीठ खातीयास?"

माझी जीभ उचलत नव्हती. उचलत असती तरी काय बोलले असते? ती चव मला आवडत होती. देवीपुढं मान हलवून आल्यावर मी तोंडाला पाणी सुटेपर्यंत ती चव घोळवत होते. नवऱ्याला मी चिमूटभर मिठावर विकलं, असंच मला त्या क्षणी वाटलं. मी खांबाशी खाली बसले. म्हातारे उठून गेले. त्यांच्या दृष्टीनं दारू नव्हती म्हणजे विषय संपला होता. घरात मात्र ती दारू निघाली असती तरी परवडलं असतं, अशी गत झाली. आत्याबाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. ताट पुढं सारायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मामंजींनी ठरवलं की मला माहेरी नेऊन घालायचं. परत कधी आणायचं ते कुणी बोललं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येती. इवायांना इचारायचंय." स्टेशनापर्यंत गाडीतून आणि पुढं मिरजेला आगगाडी बदलून आम्ही तिघं सांगलीला गेलो. डब्यात मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. समोरच्या बाकावरच्या बाईनं माझ्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या बघितल्या आणि आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

माहेरी पोचल्यावर आत्याबाईंनी पाणीही घेतलं नाही. पदराखालची बाटली काढून वडिलांच्या पुढ्यात ठेवली. "ह्यात काय हाय ते खरं सांगा, इवाई."

वडील बाटलीकडं बघत राहिले. एरवी पेठेत ते चार माणसांना गप्प करायचे. त्या दिवशी त्यांना खाली मान घालून बोलावं लागलं. "झोपेचं औषध आहे. हिला झोप येत नव्हती. मनाला घोर लागला होता. शक्तीचं म्हणून मी सांगितलं, हिनं नव्हे."

"झोपंचं?" आत्याबाई म्हणाल्या. "आन् म्या सकाळच्याला पाजलं की."

मग त्या तशाच उठल्या. "चला त्या डाक्टराकडं. मला समदं ऐकू द्या."

डॉक्टरांनी मला जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. मला ते जमलं नाही. हात पुढं करायला लावले, जीभ दाखवायला लावली. आज वार कुठला ते विचारलं. मी सांगितला तो चुकीचा होता हे सगळ्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं. सासू, सासरा आणि बाप यांच्यादेखत मला वार सांगता आला नाही. मी सहावी शिकलेली.

"बाटल्या कोण भरून आणत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," वडील म्हणाले. "गुण होता, म्हणून…"

"मी महिन्याच्या आत आणायला सांगितलं होतं. ते का सांगितलं होतं? रोग्याला पाहिल्याशिवाय हे औषध पुढं द्यायचं नसतं म्हणून." ते रागावले होते, पण आवाज साधाच होता. "घ्यायची किती?"

"रातीला एक, सकाळी एक," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळचं म्या सांगितलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "जेवणात काय असतं हिच्या?"

"माझ्याच ताटातलं खाती. भाकरी, कोरड्यास, ताक. समदं अळणी. नवस हाय."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग आत्याबाईंना त्यांनी समजावून सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही ते मला नीट आठवतं, कारण डोकं बधिर असूनही तेवढं मी जीव लावून ऐकलं. हे औषध मिठाच्या जातीचं आहे, ते म्हणाले. आपण मीठ खातो तेव्हा हे औषध लघवीवाटे अंगाबाहेर पडत राहतं. अंगात मीठच नसलं तर शरीर यालाच मीठ समजून धरून ठेवतं. आज घेतलेलं उद्या शिल्लक राहतं, उद्याचं त्यावर चढतं. असं साठत साठत त्याचं विष होतं.

"तुम्हाला काही झालं नाही, कारण तुम्ही हे औषध घेत नव्हता," ते म्हणाले. "आणि नुसतं औषध असतं आणि मीठ असतं, तर हिलाही इतकं झालं नसतं. मी पहिल्याच दिवशी जेवणाचं नीट विचारायला हवं होतं. पण तुम्हीही सांगायला हवं होतं."

"म्हंजी हे मीठ न्हवं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आपण खातो ते मीठ नव्हे."

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. नवस मोडला नव्हता. पण लगेच डॉक्टर पुढं म्हणाले, "आता यावर औषध एकच. बाटली आजपासून बंद, आणि हिला मीठ द्या. पेजेत, ताकात, जेवणात. पाणी भरपूर."

दवाखान्यातून आम्ही घरी आलो. माझ्या आईनं पेज केली आणि मीठ घालायच्या वेळी हात आखडून आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई उठल्या. त्यांनी स्वतः मिठाच्या भांड्यात हात घातला, पेजेत टाकलं, ढवळलं आणि वाटी माझ्यापुढं धरली. मी तोंड फिरवलं. मला ते जाईना. देवीपेक्षा मला त्यांच्या हाताचीच भीती वाटत होती.

"खा," त्या म्हणाल्या. "देवीला बोलली ती म्या. तू न्हाई बोललीस, तू नुसती मान हलिवलीस. दोगींचं म्या एकली करीन."

"आत्याबाई, त्यांना काही झालं तर?"

"झालं तर माज्याकडनं झालं. गिळ ते."

मी ती पेज प्यायले. रडत प्यायले, आणि ती चवीला चांगली लागली, हेही मला आठवतं.

मीठ पोटात गेल्यावर हळूहळू डोकं साफ व्हायला लागलं. भिंत न धरता चालता येऊ लागलं. पुटकुळ्या वाळल्या. झोप मात्र पुन्हा गेली. डॉक्टर म्हणाले की ते होणारच, त्याला घाबरून पुन्हा बाटलीकडं वळायचं नाही, आणि झोप आली नाही म्हणून माणूस मरत नाही. आणखी एक विचारलं त्यांनी. अंथरुणावर पडल्यावर मनात काय येतं? आजवर कुणी ते विचारलं नव्हतं. मी त्या सरकारी कागदाबद्दल सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. त्यानंतर झोप तुटक तुटक यायला लागली, आणि मी तेवढ्यावर भागवायला शिकले.

मामंजींनीच मला परत आणलं. गावी आले तेव्हा गुऱ्हाळं संपली होती, पण गोष्ट संपली नव्हती. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं खाली यायचं. मला बाटलीवाली म्हणतात हे माझ्या कानावर आलं. आत्याबाईंच्याही आलं. एक दिवस त्या माझ्याबरोबर पाणवठ्यावर आल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, "झोपंचं औसद व्हतं ते. नवऱ्याच्या काळजीनं हिचा डोळा लागत न्हवता. म्या येडीनं शक्तीचं म्हणून दुप्पट पाजलं. ज्यास्त झालं. दुसरं काय न्हवतं."

मागच्या आळीतली ती बाई, जिचा नवरा पडला होता, ती माझ्याकडं बघत होती. त्या सगळ्यांपेक्षा मला तिचीच लाज वाटली. आत्याबाईंनी माझी बाजू घेतली, आणि माझ्या मनात आलं की यांनी हे बोलायला नको होतं, दारूचंच राहिलं असतं तरी चाललं असतं. दारू पिणाऱ्याला लोक वाईट म्हणतात, पण दुबळं म्हणत नाहीत. दोनचार दिवसांनी ती बाई एकटी भेटली. आपण होऊन म्हणाली, "मला बी झोप न्हाई लागत. कुणाला सांगू?" एवढं बोलून तिनं घागर उचलली.

लढाई संपल्यावर मालकांचं कार्ड आलं. ते जपान्यांच्या कैदेत होते. पुढं काही महिन्यांनी ते आले, हाडांचा सापळा होऊन, पण आपल्या पायांनी चालत. देवीला नारळ फोडून आल्यावर आत्याबाईंनी भाकरीवर मीठ आणि तेल घेतलं आणि दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, "लय खारट लागतंया." पुढं कितीतरी दिवस त्या अर्ध्या मिठाचंच जेवत होत्या.

मालकांना झोप नव्हती. पडले की उठून बसायचे, अंगणात फेऱ्या मारायचे. पलटणीतल्या एका दोस्तानं त्यांना झोपेच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. गोळी ते दारूबरोबर घ्यायचे. मी ते पाहिलं आणि म्हटलं, "अशी घेऊ नका. कुणी दिली, किती घ्यायची, काही विचारलंय का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले.

तेव्हा मी त्यांना काहिलीचं सांगितलं. घरातल्या कुणी त्यांना ते कळू दिलं नव्हतं. मनगटावरचा वण दाखवला. वार सांगता आला नाही तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू माज्यापायी असलं औषद घेत व्हतीस?" त्यांच्या आवाजात दया होती की राग, ते मला ओळखता आलं नाही.

शेवटी ते माझ्याबरोबर सांगलीला आले. डॉक्टरांनी विचारलं, "काही पिता का?"

"कवातरी," मालक म्हणाले.

मी शेजारीच होते. मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "रोज पितात. गोळी त्याबरोबरच घेतात."

मालकांनी मान खाली घातली. लढाईवर जाऊन आलेला माणूस, कैदेतून सुटून आलेला, त्याची मान मी अशी परक्या माणसापुढं खाली घालायला लावली. डॉक्टरांनी समजावलं की ही गोळी आणि दारू एकत्र झाली तर झोपेतच श्वास बंद पडू शकतो. गोळी एकदम सोडायचीही नाही, ते सांगतील तशी हळूहळू कमी करायची. दोस्ताकडून घ्यायची नाही. गोळी घेतल्यावर गाडी हाकायची नाही, विहिरीच्या कठड्यावर बसायचं नाही. थोड्याच गोळ्या त्यांनी दिल्या आणि पंधरवड्यानं पुन्हा बोलावलं.

परतताना आगगाडीत मालक माझ्यापासून लांब, दाराशी बसले. मिरजेला गाडी बदलली, तेव्हा त्यांनी स्वतः चहा घेतला आणि मला विचारलं नाही. बैलगाडीत बसल्यावर म्हणाले, "म्होरल्या खेपंला म्या एकलाच जाईन."

"जावा," मी म्हटलं. "पण सगळं सांगा त्यांना."

ते गेले. पुढं नियमानं जात राहिले, आणि वर्षभरात गोळ्या सुटल्या. दारू काही अगदी सुटली नाही, पण कमी झाली. ते डॉक्टरांना सगळं सांगत होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही माझ्या मनगटाचा विषय पुन्हा काढला नाही.